पंखे बंद झाल्यावर ऐकू आलेलं

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, तेवढ्यात नमस्कारही उरकून घेतला.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? की ऋतू पालटला म्हणून तिकडेही सगळं छान, सगळं मजेत? तसं असेल तर कळवू नकोस. इकडे सध्या जो तो मजेत आहे आणि मला नेमका त्याचाच संशय येतोय. स्पष्टच लिहितो. आमची पोरगी माझं दुकान सोडून जायच्या बेतात आहे, तिच्या आईला ते ठाऊक आहे, आणि या कटात तुझाही हात असावा. तुझ्या मागच्या पत्रात 'पोरगी काय म्हणते' हे पुन्हा पुन्हा विचारलं होतंस, माझ्या पाठीची मात्र एका शब्दाने चौकशी नव्हती. तू थोरली आहेस, म्हणून मान ठेवून आरोप करतोय.

गारवा आला तो एका सकाळी, कुणाला न विचारता. उन्हाची धार गेली, वाऱ्याला जरा शहाणपण आलं, रस्त्याकडेची झाडं पिवळी पडली आणि अख्ख्या गल्लीला प्रेमाचं भरतं आलं. 'आमचा पंखा आधी' म्हणून उन्हाळाभर माझ्या दुकानासमोर हमरीतुमरीवर येणारी माणसं आता नुसती हसून पुढे जातात. कोपऱ्यावरचा न्हावी दाढी करता करता मला म्हणाला, हवा काय सुरेख पडलीय! (वस्तरा गळ्यावर होता म्हणून मी हो म्हटलं.) पंखे दुरुस्त करणाऱ्याला हे ऐकवायचं म्हणजे छत्रीवाल्यापुढे उन्हाचं कौतुक करण्यासारखं आहे. लोकांना झोप गाढ लागते, भूक सपाटून लागते, तोच चहा गोड लागतो. मला फक्त संशय येतो. इतकं सुख एकाएकी कुठून येतं? त्याच्या आडून कुणीतरी काहीतरी साधून घेत असणारच.

आमचं घर तुला माहीतच आहे. दुरुस्त केलेला पंखा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी घरी आणून दिवसभर चालवून बघतो, ही माझी पद्धत. त्यामुळे उन्हाळाभर ओट्यापाशी, पलंगापाशी, दारात, जिथे प्लग तिथे एकेक पंखा घरघरत असतो आणि आम्ही तिघं एकमेकांशी बोलतो ते ओरडूनच. साधं मीठ मागायचं तरी बोंब ठोकावी लागते. आता पंखे थांबले, पण गळ्यांना ते कुठे कळतंय? परवापरवापर्यंत आमचा आवाज तोच. मी आतल्या खोलीतून हिला म्हणालो, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी केस रंगवलेत बघ; तर छतातून उत्तर आलं, केस मूळचेच आहेत. तेव्हापासून बाई जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघतात. त्यावर उपाय म्हणून ही आणि पोरगी कुजबुजायला लागल्या. आता तूच सांग, ज्या घरात आजवर कुणी कुजबुजलं नाही, तिथे दोन बायका डोक्याला डोकं लावून कुजबुजतात, आणि मी आत गेलो की दचकून म्हणतात, हवा काय छान पडलीय! माणसाने समजायचं काय?

त्यात पोरीला फिरायचं वेड लागलं. नुसत्या आवाजावरून पंख्याचं दुखणं ओळखणारी माझी पोरगी! मोटरीला तार गुंडाळायला, वाइंडिंगला बसली की जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसतो. ती म्हणे उतरत्या उन्हात बागेत जाते, कशाला, तर झाडांची पानं बघायला. तांब्याची तार सोडून तिने कधी पिवळ्या पानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. शेवटी एका दुपारी मी दुकानाला कुलूप लावलं (आत होतंच काय, एक टेबलफॅन आणि मी) आणि तिच्या मागे निघालो.

ताई, कुणाचा पाठलाग करायची वेळ आलीच तर पानगळीत करू नकोस. एक पाऊल टाकलं की कर्र. चवड्यावर चाललो, तरी कर्र. बूट काढून हातात घेतले, तर पायात काटा. शेवटी बागेच्या झाडूवाल्याने जमवलेल्या पानांच्या ढिगामागे बसलो, आणि मागून एक कुत्रं हुंगत आलं म्हणून ढिगातच बसलो. झाडूवाल्याने विचारलं, काका, काही हरवलंय का? मी म्हटलं, छे, हवा छान पडलीय म्हणून बसलोय. (माझ्याच तोंडून गेलं! तेव्हापासून मी स्वतःवरही लक्ष ठेवून आहे.)

समोरच्या बाकावर पोरगी. शेजारी कुणी भांग पाडलेला दिवटा असेल असं मला वाटलं होतं, त्याच्यासाठी चार खणखणीत शब्दही तयार ठेवले होते. तर शेजारी ही! घरात चार पावलं टाकताना हाय हुय करणारी माझी बायको, उन्हात पाय पसरून, खारे दाणे खात. आणि इथे आपल्याला कोण ऐकतंय, म्हणून दोघी पुन्हा घरच्या आवाजात. अर्ध्या बागेला जे कळलं तेच मलाही कळलं. पोरीला तुझ्या गावच्या कारखान्यात काम मिळालंय. विजेच्या मोठमोठ्या मोटरी तिथे होतात, त्यांचं वाइंडिंग. आत्याने मागची खोली झाडूनपुसून ठेवलीय. बाबांना सांगायचं कुणी, एवढ्यावरच गाडं अडलंय. ही म्हणाली तू सांग, पोरगी म्हणाली तू सांग, मला त्यांचं तोंड बघवणार नाही. आणि रडायला लागली. तेही घरच्याच आवाजात. मला भयंकर वाईट वाटलं ग. रागही आला होता, पण तो नक्की कुणावर काढायचा ते ठरेना, आणि शर्टात मुंग्या शिरल्या होत्या.

तर या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. पोरीशिवाय दुकान म्हणजे नुसतं शटर. तू तिला ताबडतोब कळव की खोलीला ओल आलीय, भाऊजींचा खोकला वाढलाय, काय वाटेल ते. थोरली बहीण म्हणून एवढं कर, बाकी मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. (मागितलं असेल तर ते आठवू नकोस.)

तुझा, फसवला गेलेला,
धाकटा भाऊ

ता. क. मला कळलंय हे दोघींना कळू देऊ नकोस. आत जाण्याआधी मी हल्ली दारातच खोकतो, म्हणजे त्यांना विषय बदलायला सवड मिळते. फार घाबरतात बिचाऱ्या.

ता. क. मागच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? सहज विचारतोय. पोरीला झोपेत डोळ्यांवर ऊन आलेलं चालत नाही, जाड पडदा लाव. आणि सकाळी भूक नाही म्हणाली तर साफ खोटं बोलतेय असं समज. खाल्ल्याशिवाय दाराबाहेर सोडू नकोस.

ता. क. ओल, खोकला यातलं काही लिहू नकोस. उलट असं लिही की खोली तयार आहे, आहेस तशी नीघ, बाबांची समजूत मी घालते. पण घाई कर ताई, हा गारवा आहे तोवरच तिला घेऊन जा. एकदा उकडायला लागलं, दुकानापुढे रांग लागली, की मी तिला थांब म्हणेन. आणि ती थांबेल.