चार आकडे उलटे

कोपर, डोंबिवली (प.)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवानी,

कशी आहेस? काकूंचा गुडघा आता बरा आहे ना? तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कागदावर. टिटवाळ्याला पोस्टाने कधी पोचेल देव जाणे.

कॉलेजात विशेष काही नाही. सरोज मॅडमचं ते वजन आणि बुद्धीचं संशोधन चालू आहे. आधी वजन घेतात, मग चाचणी. मॅडम आकडे सांगतात, आपण ते उलटे म्हणायचे. वर्गातल्या रसिकाने सहा म्हटले. मला त्या म्हणाल्या, "चार, नऊ, दोन, सात." मी "सात" म्हटलं आणि पुढचं काही आठवेचना.

"आज खाल्लंयस काय?"

"पोहे."

आईने डब्यात दिलेले खरे. ते मी गेटबाहेरच्या कुत्र्याला घातलेले. दिवाळीपासून रोज डबा त्यालाच.

माझं वजन एकोणचाळीस भरलं. त्याच दुपारी जिन्यात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन सात निघालं. आई दवाखान्यापासून घरापर्यंत माझा दंड धरून चालली.

आता खरं लिहिते. डिसेंबरात तू या चाचणीला नाव द्यायला निघालीस, तेव्हा कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या मेंदूतपण चरबीच निघेल." सगळ्या हसल्या. तू वडापाव अर्धा टाकून उठलीस, ती कॉलेजात परत आलीच नाहीस. मला तुझा राग यायचा गं. तू पोटभर खायचीस आणि तुला भीती वाटायची नाही. मला पहिल्या घासालाच वाटायची.

पोह्यांचं खोटं मॅडमना कबूल केलं. त्यांनी माझी चाचणी बाद केली. मी विचारलं, "जाड मुलींचं डोकं खरंच कमी चालतं?" म्हणाल्या, "अजून तपासतोय. पण काटा बघून कुणा एकीची अक्कल सांगता येत नाही. आणि उपाशी डोकं कुणाचंच चालत नाही." कॅन्टीनमध्येही मी सगळ्यांना सांगितलं, चार आकडे मला जमले नाहीत. कुणी हसलं नाही.

माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही. पण परीक्षेचा फॉर्म भर. शेवटची तारीख वीस. माझ्या एका वाक्यापायी तुझं वर्ष जायला नको.

तुझी (हे लिहू की नको, बराच वेळ ठरेना),
योगिनी