सोनलचं काउंटर

१२ नोव्हें., बुध
आमचं लूमचं खातं उघडलंच नाही. दिवाळीची सुट्टी संपली, धंदे उघडायचा लाभपाचमचा मुहूर्त होऊन गेला, तरी शटर खालीच. आज शेठचा माणूस रस्त्यात भेटला, म्हणे लूम विकल्या, आता तिकडे गोडाऊन होणार. सहा वर्षं त्या खात्यात मी बॉबिन भरल्या. एक फोन करायला काय जात होतं त्याचं? नालायक.

घरी आले तर सोनल दारातच उभी. रव्याने, माझ्या धाकट्या भावाने, बायकोला आधीच कळवलेलं. पाणी विचारायच्या आधी म्हणते, "ताई, आमच्या ड्रेसच्या दुकानात जागा निघतेय. लग्नसराई आहे ना. मी तुमचं नाव दिलंय." मला विचारलं नाही, सवरलं नाही, नाव देऊन मोकळी. माझी काळजी वगैरे काही नाही तिला. पाचवा महिना लागलाय, बाळ आलं की या एका खोलीत नणंद नको आहे. दिवाळीतच तोंडावर बोलली, "जमेल तसं तुमची खोली बघा."

नवऱ्याच्या घरातून निघाले ती इथे आले. इथून निघून कुठे जाऊ? नोकरी लागली तर इथेच बमरोलीत एखादी खोली. नाही लागली तर पाचोऱ्याला काकांच्या दारात, त्यांच्या सुनांची भांडी घासत. मेले तरी तिकडे जाणार नाही.

इथून पुढे तिला सो. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

१३ नोव्हें., गुरु
इंटरव्ह्यूची तयारी सुरू. सो. दुकानातून आली, बादलीत पाय सोडून खाटेवर बसली आणि मला समोर उभं केलं. ती गाहक, मी सेल्सगर्ल. मी म्हटलं, "वेलकम मॅम." तिने कानावर हात ठेवला. "ताई, मी इथे बसलेय. तिकडे लांब कामरेजला नाही."

आवाज मोठा आहे माझा. असणारच. लूम चालू असताना शेजारणीकडे दोरा मागायचा तर बोंबलायचं, नाहीतर तिला हात लावायचा, नाहीतर ओठ वाचायचे. कान तर अर्धे गेलेच, फोनपण स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही. रव्याही लूमवरच. आम्ही दोघं जेवताना बोललो तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

मग ड्रेस दाखवायला मी तिचा दंड धरून तिला वळवलं. तर केवढी भडकली. "गाहकाला हात लावायचा नाही. कधीच नाही." खात्यात हात लावल्याशिवाय कोणी वळत नाही, हे हिला काय माहीत. गुजराती शाळेत शिकली, एसीत उभी राहते.

१५ नोव्हें., शनि
प्रश्न पाठ करून घेतले. "आपकी कमजोरी क्या है?" याचं उत्तर म्हणे, "मैं काम पूरा किए बिना घर नहीं जाती." ही कमजोरी? मी म्हटलं, खरी सांगते ना, माझं डोकं लवकर फिरतं. सो. म्हणाली, "ते सांगायची गरज नाही. दिसतं."

खात्याचं नाव काढायचं नाही. "घरीच होते" सांगायचं. म्हणजे सहा वर्षं गिळून टाकायची. आणि बोलायचं गुजरातीत. मला गुजराती येतं, पण ते खात्यातलं, त्यातलं निम्मं मॉलमध्ये बोलता येणार नाही.

रव्या मध्येच ओरडला, "मना जीव नका खाऊ दोन्हीजणी. आते बस करा." आणि टीव्ही मोठा केला. भाऊ आहे म्हणे माझा.

१७ नोव्हें., सोम
सो.ची सुट्टी. हळू बोलायची युक्ती दिली तिने: गळ्यावर दोन बोटं ठेवायची, थरथर कमी झाली की आवाज बरोबर. सकाळभर तशीच कुजबुजत होते. भाजीवाली विचारते, "बेन, तबियत खराब छे?" हिच्यापायी हसं झालं.

दुपारी सो. पडून होती. पावलं टम्म सुजलेली. आपणहून बोलली, कधी नव्हे ते. दुकानात फ्लोरवर असताना बसायची बंदी, साधं स्टूल नाही. ही ट्रायल रूममध्ये जाऊन आतून कडी लावते आणि खाली बसते. पोटाचं दुकानात कोणालाच सांगितलेलं नाही. मागे एका मुलीचं कळलं तेव्हा "घरी आराम कर" म्हणाले आणि परत बोलावलंच नाही. "तुम्ही तिथे तोंड उघडू नका, ताई." मी म्हटलं, मला काय पडलंय. जराशी दया आली होती खरं तर. मग जेवताना म्हणाली, पोळ्या जाड झाल्यात. गेली दया.

१९ नोव्हें., बुध
उद्या इंटरव्ह्यू. दुकानात काळी पँट लागते. सो.ची घालून बघितली. तिला आता होत नाही, मला झाली. दोघींनाही ते आवडलं नाही.

२० नोव्हें., गुरु
झालं ते लिहिते.

मॅनेजर हार्दिकभाई. माझ्याहून लहान, केसांना जेल. इंटरव्ह्यू पण उभ्यानेच, कॅश काउंटरच्या बाजूला. सो. समोरच कुर्त्यांच्या रॅकपाशी, माझ्याकडे बघत नव्हती. मी इतकी हळू बोलले की तो म्हणाला, "बेन, थोडुं जोरथी." मग गळा सुटला. पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. तो खूश दिसला. मला वाटलं जमलं.

मग जवळ येऊन बारीक आवाजात विचारतो, "ये सोनल का क्या चक्कर है? बार बार ट्रायल रूम में जाके बैठती है. कामचोर है क्या?"

कामचोर. मी तिला घरात याहून वाईट बोलते. पण मी बोलते, मी. ती सुजलेल्या पायांनी तुझं दुकान चालवते आणि तू जेल लावलेला मला विचारतोस? माझं डोकं फिरलं.

"पेट से है वो. एक स्टूल रखने में क्या जाता है तुम्हारा?"

खात्यातल्या आवाजात. गाणी चालू होती तरी सगळा फ्लोर वळला. एका बाईच्या हातातला ड्रेस तसाच राहिला. सो. कुर्ते लावत होती, लावतच राहिली. मान वर केली नाही.

हार्दिकभाई म्हणाला, "धीरे, बेन." मग म्हणाला, फोन करू.

२१ नोव्हें., शुक्र
सो. दुपारीच घरी परत. "डिलिव्हरी होईपर्यंत आराम कर," म्हणाले. पोट धरून भिंतीला टेकून बसली. माझ्याशी बोलत नाही.

रव्या आला आणि दारातूनच, "तिची बाजू घेतली का काटा काढला?" बाजू घेतली. देवाशपथ बाजूच घेतली. तो म्हणाला, मग हळू बोलायला काय झालं होतं. मी चहा करून सो.समोर ठेवला. गार झाला, साय धरली, शेवटी मीच ओतून दिला.

२२ नोव्हें., शनि
सो. रडली असावी. मला तिचा राग येतोय. माझ्यामुळे तिचं काम गेलं आणि राग मला तिचाच येतोय, हे काय आहे मला कळत नाही.

२३ नोव्हें., रवि
हार्दिकभाईचा फोन. स्पीकरवर, त्यामुळे सो.ने पण ऐकलं. "कालथी आवी जाओ." म्हणजे उद्यापासून. काउंटर सोनलवाळुं, तिचंच. वर म्हणतो, आवाज दमदार आहे, सेलच्या दिवशी दारात उभं करू. मी "हा भाई, हा भाई" करत राहिले. फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला होता. तो चेहऱ्यावर दिसला असणार.

तीन दिवसांत सो. पहिल्यांदा बोलली. "जा ताई. बाळ जरा मोठं झालं की मला परत जायचंय. तेव्हा काउंटर सोडाल?"

उत्तराची वाट बघत बसली. मी खोलीचा विचार करत होते, माझी कडी, माझं कुलूप. नाही सोडणार. आतून सरळ हेच उत्तर आलं. तोंडाने म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू."

"मीपण हेच म्हटलं असतं," सो. म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. उद्या जायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही.