सायकल देवळात आहे

केतन,

तुझी कार्बनची सायकल चोरीला गेलेली नाही, मी देवळात नेली आहे. काल दिवसभर गच्चीवर तिचे फोटो काढत होतास, आणि मी कुंकू आणलं तर म्हणे, "आई, रंग खराब होईल!" होऊ दे. सुपासारखी हलकी आहे ती, आणि उद्या तू ती उरण रस्त्याला कंटेनरांच्या गर्दीत नेणार. बाबांच्या स्कूटरची पूजा राहून गेली होती, एवढंच सांगते.

सायकलला स्टँड नाही, म्हणून कीर्तनकार बुवांच्या मागच्या खांबाला टेकवून ठेवीन. कीर्तन संपलं की बुवाच हार घालतील. भांडायला खुशाल ये, पण उत्तररंग चालू असताना तोंड उघडायचं नाही.

पिठलं झाकून ठेवलंय, जेवून ये. कॅमेरा आण. कुंकवासकट फोटो काढलास तरच सायकल घरी येईल.

आई