सामायिक गॅरेजमधला टेम्पो

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचा आणि त्याचाच पगार घ्यायचा, हे सासूबाईंना समजावताना मात्र नाकी नऊ आले. चाकं, इंजिन, पत्रे, खुर्ची जोडून आपली गाडी बनवायची आणि पळवायची, असा हा गेम. प्रत्येक भागाला वजन आहे, त्यामुळे गाडी खरीखुरी घसरते, कलंडते, मोडते. आम्ही त्यातले दोष शोधायचे. नियम एकच: तीनदा घडला तरच तो दोष खरा.

नव्या माणसानं पहिल्या दिवशी एक गाडी बनवून सगळ्यांच्या सामायिक गॅरेजमध्ये ठेवायची, अशी इथली रीत. मी नवऱ्याचा मालवाहू टेम्पो बनवला, अगदी हुबेहूब. सुतळीनं बांधलेलं डावं दार, तडकलेला आरसा, सगळं. चालक म्हणून बिनचेहऱ्याचा पुतळा मिळतो. त्याला नवऱ्याचं वजन दिलं, एकाहत्तर किलो. फार मिरवलं मी. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, गॅरेजमधली गाडी आता फक्त साहेबच काढून टाकू शकतात. मी म्हटलं, काढून टाकायचीय कुणाला?

मंगळवार, ४

आमच्या साहेबांना नव्या माणसाची जिरवायची भारी हौस. सगळ्यांना गोळा करून त्यांनी माझा टेम्पो भिंतीवर घातला. डावा दिवा फुटला, टाळ्या पडल्या. मीही हसले, करते काय!

संध्याकाळी नवरा आला तो डावा दिवा फोडून. खांबाला घासला म्हणे. आमच्या ऑफिसातून शिकून आलास का, असं म्हणून मी त्याला पुरेसं छळलं.

गुरुवार, ६

आज साहेबांनी टेम्पो उतारावर उलटवला. दार निखळलं, पुतळा बाहेर फेकला गेला. मग तो उठला आणि उजव्या हातानं डावा खांदा धरून बसून राहिला. चष्मेवाल्यानं सगळं तपासलं. पुतळ्याला असली हालचाल कुणी दिलेलीच नाही.

घरी आले, तर नवरा कॉटवर तसाच बसलेला. उजव्या हातानं डावा खांदा धरून. उतारावर टेम्पोचं दार निखळलं म्हणाला. रात्री कुणाला जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७

साहेबांच्या अक्षरशः पाया पडले, तेवढी गाडी काढून टाका म्हणून. नवऱ्याचं सगळं सांगितलं. तिथंच चुकलं माझं. पोट धरधरून हसले. सोमवारी पुलावरून टाकू म्हणाले, नियमाप्रमाणे तीनदा. त्या माणसाचा गळा आवळावासा वाटला.

रविवार, ९

नवऱ्याला बजावलंय, उद्या टेम्पो जागचा हलवायचा नाही. तसाही त्याचा डावा हात उचलत नाही. बरं बाई, म्हणाला. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तरी भीती जात नाही.

सोमवार, १०. सकाळचे अकरा

जागेवरूनच लिहितेय. सगळे साहेबांच्या टेबलाभोवती. माझ्या पडद्यावरही तेच दिसतंय.

पहिली फेरी — टेम्पो कठड्याला घासून थांबला.

दुसरी — कठडा तुटला. पुढची चाकं बाहेर लोंबली. पडला नाही. पडला नाही.

साहेब मोठ्यानं सांगतायत, नवऱ्यालाही बोलावलंय. तुमची बायको चक्कर येऊन पडली, लगेच या, असं कळवलं म्हणे. गंमत म्हणून.

गंमत!

फोन पाहिला. नवऱ्याचा निरोप, दहा मिनिटांपूर्वीचा — दुसरी किल्ली सापडली. निघालोय. घाबरू नकोस.

वाटेत पूल आहे.

साहेबांचा हात धरला. त्यांनी ढकललं. तिसरी फेरी सुरू —

टेम्पो पुलावर. पुतळ्याचा डावा हात मांडीवर पडलेला. स्टिअरिंग एकाच हातात —

त्याला फोन करू? नको. उचलेल तो. एकच हात आहे —

माझाच फोन वाजतोय. त्याचा आहे. मी घेणार नाही. ठेव. ठेव ना रे —

पुतळ्यानं उजवा हात कानाशी नेलाय. स्टिअरिंगवर कुणाचाच —