केदारखेड्याच्या विहिरीवर केळी वाहण्यास मनाई मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, भोकरदन, जि. औरंगाबाद.

विषय: सरकारी विहिरीवर, आग्या मोहोळाखाली, पिकलेली केळी वाहण्यास येत्या शुक्रवारच्या आत मनाई मिळणेबाबत.

संदर्भ: माझा मागील अर्ज. तो "देवाधर्माची बाब" असा शेरा मारून परत आला.

महोदय,

विनंती अर्ज करते की, मी केदारखेडा येथे सासरी राहते. मालक जालन्याला जिनिंगमध्ये कामाला आहेत. मुलगी शरयू चार महिन्यांची आहे. ती आता मांडीवरच निजली आहे, म्हणून अक्षर तिरपे आले, माफी असावी.

१. आमच्याकडे बाळंतीण विहिरीवर आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवतांची, पूजा करते व केळी वाहते. विहिरीवरच्या पिंपळाला आग्या मोहोळ आहे. माझ्या पूजेच्या दिवशी माशा उठल्या आणि केळी कुस्करणाऱ्या माझ्या नणंदबाई द्वारकाबाई यांना डसल्या. गावाने ठरवले, पूजा कमी पडली, आसरा कोपल्या. पुढच्या वेळी केळी दुप्पट नेली. माशाही त्या मानाने आल्या. शरयूच्या गालाला डसल्या. दिवसभर ती अंगावर प्यायली नाही.

२. तिच्या गालातले काटे काढताना माझ्या नखांना पिकल्या केळ्याचा वास आला. तिला तर केळे दिलेलेच नव्हते. कपाशीची कीड पाहायला आलेल्या शेतकी साहेबांना विचारले. ते म्हणाले, माशीला नाक नसते. डोक्यावरच्या दोन मिशांवर बारीक केस असतात, त्यांना न दिसणारी भोके असतात. वास तिथून आत जाऊन मज्जातंतूला लागतो आणि तो मेंदूला वर्दी देतो. एक माशी डसली की काट्याचा जो वास सुटतो, तो बाकीच्यांना 'इथेच डसा' असा हुकूम असतो. पिकल्या केळ्याचा वासही तसाच. म्हणजे साहेब, माशा कोपलेल्या नाहीत. त्या हुकूम बजावून राहिल्या आहेत, आणि तो हुकूम आम्हीच टोपलीत घालून नेतो.

३. घरात सांगितले तर सासूबाई म्हणाल्या, "माशीला मिशा, अन् मिशीला नाक! शिकलेली सून केली, आता ऐका." पोलीस पाटील रखमाजी म्हणाले, "सूनबाई, मंग आसरांनी काय पेरू खावं?" मी म्हणाले, पेरू बिलकुल चालतील. सगळे हसले.

४. येत्या शुक्रवारी मोठी टोपली भरून केळी येणार आहेत. कोप शरयूवर आहे म्हणून तिला पिंपळाखाली आसरांच्या पुढ्यात घालायचे व भोवती केळी मांडायची, असे ठरले आहे. मोठ्या माणसाला पळता येते. तिला अजून कुशीवर वळताही येत नाही.

मोहोळ जाळा असे माझे म्हणणे नाही. पूजा बंद करा असेही नाही. नारळ वाहू द्यावेत, खण वाहू द्यावेत. फक्त केळी नकोत, आणि माझे लेकरू नको. लेखी हुकुमाला वेळ लागत असेल तर शुक्रवारी सकाळी एक पट्टेवाला शिपाई तरी पाठवावा. त्याने बोलू नये, नुसते विहिरीवर उभे राहावे. माझे कोणी ऐकत न्हाई, पट्ट्याचे ऐकतील.

तोही येणार असा निरोप गुरुवार सकाळपर्यंत न मिळाल्यास मी गुरुवारीच शरयूला घेऊन निघेन व आपल्या कचेरीच्या ओट्यावर येऊन बसेन. घरचे न्यायला आले तर "अर्जदार सरकारी कामासाठी हजर आहे" एवढेच सांगावे, आणि शनिवार उजाडेपर्यंत मला तेथून उठवू नये.

आपल्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. विमल बद्रीनाथ मुरकुटे
मु. केदारखेडा
दि. ११ मार्च १९५८