फुगलेला लॅपटॉप शिकंज्यात

आदरणीय व्याहीबुवांस,

बाइंडिंगच्या कारखान्यातून तुमच्या व्याह्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला थांबला असं ऐकतो (मग परवा फोनवर पाऊण तास खोकत कोण होतं?). आमच्याकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे माणसं. यंत्राचं सांगण्यासाठीच हे पत्र आमच्या कागदवाल्याच्या हाती पाठवतोय. फोनच केला असता, पण सध्या तुमच्या घरी फोन सूनबाई उचलतात.

तर सूनबाई माहेरी निघताना त्यांचा लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून बजावून गेल्या, "बाबा, हा बंदच राहू दे. हात लावायचा नाही. आल्यावर दाखवते मी कुणाला तरी." कारण तो मधोमध फुगला होता. टेबलावर डुगडुगायचा, झाकण मिटेना, बोट फिरवायची चौकोनी पट्टी वर उचलून आलेली. त्यांनी पाच वर्षं खपून लिहिलेल्या प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं तेवढ्या एका यंत्रात, दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि प्रबंध शुक्रवारी विद्यापीठात द्यायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. (हे वाक्य विहीणबाईंना वाचून दाखवू नका.)

पण तुम्हीच सांगा, मी काय करणार? चौदाव्या वर्षी खळ ढवळण्यापासून सुरुवात केली, आज आठ माणसं हाताखाली आहेत, आणि एवढ्या वर्षांत एकच विद्या पक्की झाली: फुगलेली वस्तू शिकंज्यात घालायची. दोन लोखंडी पाट्या, वर चाक, चाक फिरवलं की वस्तू सपाट. पुस्तक फुगलं, शिकंजा. पुठ्ठा वाकला, शिकंजा. एका गिऱ्हाइकाची वाकडी झालेली ग्रामोफोनची तबकडीसुद्धा मी सरळ करून दिली आहे (नंतर ती वाजली नाही, पण दिसायला झकास होती). तसा आज मंगळवारी सकाळी मी लॅपटॉप दोन मऊ कापडांत गुंडाळला, पाट्यांमध्ये ठेवला आणि चाकाला हात घातला.

पाव फेरा. अर्धा. पाऊण. माझे कान तुम्हाला माहीत आहेत, दोरा तुटायच्या आधी मला ऐकू येतो. आतून बारीक 'चुर्र' आलं आणि मागोमाग नखं रंगवायच्या रंगासारखा गोडूस वास. चाक भराभर उलटं फिरवलं आणि लॅपटॉप घेऊन थेट दुरुस्तीचं दुकान गाठलं. चूक माझी, सर्वस्वी माझी. दुसऱ्यावर ढकलणारा मी नव्हे.

दुरुस्तीवाल्या बाईंना मात्र "एका मित्राचा आहे" म्हणालो. त्यांनी लॅपटॉप लगेच दाराबाहेर फरशीवर ठेवला आणि शेजारच्या चष्मेवाल्याला हळूच म्हणाल्या, "ह्यांचा मित्र ह्यांना रोज आरशात भेटतो." (हळूच, पण मी ऐकलं.) मग मला झापलं. "काका, बॅटरीत वायू धरलाय. दाबली, टोचली, वाकवली की पेट घेते. किती दाबली?"

"पाऊण फेरा."

"आणि पुरा फेरा झाला असता तर?"

"पुस्तक छान बसलं असतं," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

धूर तर येत नाही ना, अशी तासभर नजर ठेवल्यावर कामाला लागल्या. मागचे दहा स्क्रू काढून कागदावर ज्याच्या त्याच्या जागी मांडले, कारण लांबी वेगवेगळी (मी ते एका वाटीत गोळा करायला गेलो, हातावर फटका बसला). आधी बॅटरीची जोडणी सोडवली. बॅटरी खाली चिकटवलेली. तिथे लोखंडी काही खुपसायचं नाही म्हणाल्या. मी खिशातून कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी काढून दिली. बाईंनी धारेवरून बोट फिरवलं आणि त्या पट्टीनेच बॅटरी अलगद सोडवली. सगळ्या दिवसात माझी इज्जत तेवढीच वाढली. फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात गेली; कचऱ्यात टाकायची नाही, वेगळ्या केंद्रावर द्यायची. मग नुसत्या चार्जरवर यंत्र सुरू झालं, आणि दोन्ही प्रकरणं शाबूत! त्यांची प्रत एका बोटभर पेनड्राइव्हवर घेतली. ती माझ्या खिशात आहे, दर दहा मिनिटांनी चाचपतो.

बाकी सर्व ठीक. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमचाच,
व्याही

ता. क. त्याच नंबरची नवी बॅटरी गुरुवारी संध्याकाळी बसेल. सूनबाई बुधवारी निघायचं म्हणतात. एवढा एक दिवस त्यांना काहीतरी करून अडकवा. यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करतो तोच सूनबाईंचा फोन. "बाबा, हात नाही ना लावलात?" खोटं मला जमत नाही. शिकंज्यासकट सगळं सांगून टाकलं. पण मग त्यांनी "हे तुम्हाला सुचवलं कुणी?" अशा काही आवाजात विचारलं की तोंडातून तुमचं नाव निघून गेलं. त्या बिचाऱ्या मलाच धीर देऊ लागल्या, "तुम्ही तरी त्यांचं कशाला ऐकलंत?" फोन तसाच टाकून त्या गेल्या. मला पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं, आणि तुमचं "अगं, पण कसला शिकंजा?" एवढं ऐकू आलं. मग मी फोन ठेवला. दुसऱ्याच्या घरातलं चोरून ऐकणं बरं नव्हे.