शिंगराच्या पाठीवरचं मीठ

आबा, आज सकाळी पागेत शिंगरू झालं. पांढऱ्या घोडीची पहिलीच वेळ. पन्हाळ्याच्या रस्त्याला ज्या पागेचं काम मी आता बघते, तिथं उजाडलं तरी धुकं हटलं नव्हतं. त्या धुक्यात आधी चार लांब पाय दिसले आणि मग त्यांच्यावर डुगडुगणारं शिंगरू. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, पण मला वाटलं, तुम्ही बादली घेऊन पलीकडच्या खणात उभे आहात आणि आत्ता खाकराल.

यंदा माझ्याकडं पशुवैद्यकीय पदविकेचे दोन विद्यार्थी महिनाभर शिकायला आलेत. एक शिवाजी पेठेतला मुलगा, फुटबॉलवेडा. दुसरी गगनबावड्याकडची मुलगी, घरी चार म्हशी असलेली. ते आले त्या दिवशी मी दारावर छापील यादी चिकटवली. हात औषधी पाण्यानं धुवा, टॉवेल उकळलेला वापरा, ओलं गवत लगेच बाहेर टाका. घरातली पहिली पदवीधर मी. मला वाटायचं, पागेत जे अंदाजानं चालत आलं ते आता नीट, कागदावर यायला हवं. आज मी डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेले आणि दहा मिनिटांत परत आले, तेवढ्यात दोघांनी ती यादी मनापासून पाळली होती. शिंगराला औषधाच्या टॉवेलनं पुसून कोरडं केलेलं. ओलं गवत उकिरड्यावर. फरशी धुतलेली.

"मॅडम, एकदम चकाचक केलंय!" मुलगा म्हणाला.

घोडीनं शिंगराला हुंगलं, कान मागं टाकले आणि फळीवर अशी लाथ मारली की मुलगी भिंतीला चिकटली. शिंगरू कासेकडं जाई, ती फिरे. मी धार काढायला हात लावला तर मलाही चावायला आली. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर शिंगरू टिकत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. डॉक्टर कागलकडं अडकलेले, यायला दुपार होणार.

"आमच्या म्हशी असं करत न्हाईत ओ," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"तुझ्या म्हशी शाण्या हायत. आता हिला कोण सांगणार?" मुलगा म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

आणि मला तो दिवस आठवला. मी नऊ वर्षांची आहे. शाळेत बाकावरच्या मुलीनं नाक दाबून विचारलंय, तुझ्या अंगाला कसला गं वास येतो? मी मोरीत बसून वासाचा साबण तीनतीनदा लावते आणि तशीच तुमचा डबा घेऊन पागेत येते. रोज माझ्या हातचा गूळ खाणारी तुमची लाल घोडी त्या दिवशी तोंड फिरवते. तुम्ही खरारा थांबवता. वाटतं, हसाल. पण तुम्ही रागावता. "काय गं, नाव पुसून आलीस व्हय? घोड्याला वास म्हंजेच नाव. तिनं तुला वळखायचं कसं?" मग ओंजळभर तिच्या खालचं गवत माझ्या हातांवर चोळता, आणि ती गूळ घेते. त्याच वर्षी तिला शिंगरू झालं, ते पावसात भिजून त्याचा वास धुऊन गेला आणि तिनं ते नाकारलं, तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

मी उकिरड्यावरून तेच ओलं गवत उचलून आणलं. मुलगा बघतच राहिला, "मॅडम, यादीत तर..." मी म्हटलं, यादी राहू दे. मुलीनं घोडीच्या तोंडाची मोहरकी धरली आणि मी शिंगराला ते गवत नाकापासून शेपटीपर्यंत चोळलं, घोडी चाटायला यावी म्हणून पाठीवर चिमूट चिमूट मीठ टाकलं. मग दोघांना तुमच्यासारखंच घोडीकडं पाठ करून खाली बसवलं. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही, तिला आपण भिंत वाटलो पाहिजे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. धुकं दारातून आत येत होतं. माझ्या मानेवर गरम श्वास आला आणि गेला. मला वाटलं मी नऊ वर्षांची आहे, आणि मागं घोडी नाही, तुम्हीच आहात. मग चाटण्याचा खरखर आवाज आला, बराच वेळ. आणि मग चुटूचुटू, चुटूचुटू. मुलगी न वळता तोंडावर हात ठेवून रडत होती. मुलानं मुठी आवळल्या होत्या, त्याच्या संघानं गोल केल्यासारख्या.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, हे कुठं शिकलात ओ? आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई."

आबा, मी म्हणाले, "पुस्तकात आहे."

का म्हणाले? कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'शेती' लिहिलं होतं. आपल्याला शेत कुठलं? तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना चंदी चारली, आणि त्या चंदीवर मी शिकले. तेव्हा लाज वाटली होती, आणि आज वाटलं होतं ती गेली.

आता दुपार आहे. डॉक्टर येऊन शिंगराला बघून गेले, ठीक आहे म्हणाले. मुलाची वही सहीसाठी माझ्यापुढं आहे. स्वच्छ अक्षरात त्यानं लिहिलंय, 'मॅडमनी पुस्तकातली पद्धत वापरली.' उद्या तो हे कॉलेजात वाचून दाखवेल, कुणी विचारेल कुठलं पुस्तक, आणि तो शोधत बसेल. मी 'पुस्तकातली' खोडलं. वर लिहिलं, 'आपल्या वडिलांची.' त्याच्या पुढं तुमचा व्यवसाय, मोतद्दार, लिहिणार होते. पेन टेकवून ठेवलंय. शाईचा ठिपका मोठा होत चाललाय, आणि तो शब्द अजून लिहिलेला नाही.